पारनेरहून हललेला बाण

नगरच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणारा एक कारखाना होता. तिथं तीन ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागत. गेटाजवळच्या दत्ताच्या देवळीपुढं, श्रीमंतशेठच्या केबिनबाहेर आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर. देवळीपुढं भक्ती होती, केबिनपुढं धाक होता, आणि कॉम्प्युटरपुढं दोन्ही सारख्याच वजनानं होती.

कॉम्प्युटर येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याच्यासाठी खोलीला एसी बसवला होता आणि खिडकीला निळा पडदा लावला होता. मालक स्वतः पंख्याखाली घाम पुसत, आणि यंत्र मात्र महाबळेश्वरला राहायला गेल्यासारखं गारव्यात बसे. स्टोअर सांभाळणारे कारभारी बोठे यांनी खंडेनवमीला त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं आणि वरून झेंडूची माळ घातली होती. त्यातला कुंकवाचा एक कण कीबोर्डच्या फटीत गेला, तो पुढं निघालाच नाही.

हा कॉम्प्युटर चालवायची वृषाली साळवे. सिद्धार्थनगरातली, चोवीस वर्षांची मुलगी. वडील रंभाजी मालधक्क्यावर पोती वाहून वाहून पाठीतून गेलेले. घर तिच्या पगारावर चालत होतं. खंडेनवमीला कारभारींनी कुंकवाचा करंडा पुढं केला, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "काका, आम्ही बौद्ध. आमच्यात हे करत नाहीत. तुम्ही लावा, मी फुलं आणून देते." फुलं तिनं खरंच आणली होती. पण अशा वेळी लोकांच्या ध्यानात फुलं राहत नाहीत, नकार राहतो. तो व्याजासकट राहतो.

कारखान्यात आणखी एक यंत्र होतं, पण ते कोणाच्या नजरेस फारसं पडत नसे. सुनील वाबळे नावाच्या असिस्टंट मॅनेजरला शेठनी फिरतीसाठी लॅपटॉप घेऊन दिला होता. पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं अशी सोय करून दिली होती की, लॅपटॉपला कुठल्याही टेलिफोनची वायर जोडावी, कारखान्याचा ठरलेला नंबर फिरवावा, की कारखान्यातल्या कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा इथं दिसे. नुसता दिसत नसे. इथून बटण दाबलं की तिथलं यंत्र चाले. शेठना यातलं निम्मंच समजलं होतं. त्यांच्या लेखी ती दुर्बीण होती. "बाहेरगावी असलास तरी माल किती शिल्लक हाय ते बघत जा," ते सुनीलला म्हणाले होते, "आणि हे कुणाला बोलू नको. नजर हाय म्हणल्यावर लोकं नजरेपुरतंच काम करतात." म्हणून वृषालीलाही माहीत नव्हतं. टेबलाखाली ठेवलेली मोडेमची डबी ई-मेलसाठी आहे, एवढंच तिला सांगितलेलं.

त्या वर्षी ज्येष्ठाचा अधिक महिना आला. अधिकात जावयाचा भाव किती चढतो, हे घरात जावई असलेल्यांना वेगळं सांगायला नको. सुनीलची सासुरवाडी पारनेरची. धोंड्याचं जेवण बुधवारी ठरलं, आणि बुधवारी रजा मागायची सुनीलला लाज वाटली. त्यानं शेठना सांगितलं, "सुप्याच्या डीलरकडे जाऊन येतो." सुपा वाटेत लागतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. खोटं बोलताना त्यात थोडं खरं मिसळायची सवय असलेल्या लोकांपैकी तो होता. आपण सगळेच असतो. बायको अश्विनी मागं, लॅपटॉपची पिशवी पुढं, अशी स्कूटर सुप्याला न थांबताच पारनेरला पोचली.

सासऱ्यांनी, मच्छिंद्र औटींनी, जावयाला पाटावर बसवलं. सासूबाईंनी, मालनबाईंनी, तांब्याच्या परातीत जावयाचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं आणि ते पाणी दोन बोटांनी आपल्या डोळ्यांना लावलं. अधिकात जावई नारायण. सुनीलनं अवघडल्यासारखं केलं, पण पाय मागं घेतले नाहीत. मग अनारशांचं ताट, धोंडे, वर तुपाची धार.

जेवणं आटपली आणि मच्छिंद्ररावांना घरात नुकत्याच आलेल्या टेलिफोनची आठवण झाली. आळीतली पाच-सहा माणसं ओसरीवर होतीच.

"आमचं पाव्हनं हितं बसून नगरचं मशीन बघत्यात," ते म्हणाले.

शेजारच्या बनुबाई सुपारी कातरत होत्या. "त्यात काय नवाल? मीबी माज्या उंबऱ्यात बसून समद्या आळीचं बघती. बघायला काय मशीन लागतंय व्हय?"

हशा झाला. सुनीलला तो लागला. त्यानं वायर जोडली, नंबर फिरवला. आतून किंचाळल्यासारखा, घसा खरवडल्यासारखा आवाज आला, तसा मच्छिंद्ररावांनी घाईनं फोनवर हात ठेवला. आणि थोड्या वेळानं पडद्यावर नगर आलं. नळ्या पोचवायच्या गावांची नावं कोणीतरी एकेक अक्षर टाकत होतं. संगमनेर झालं. अकोले झालं. मग राजूर उमटू लागलं.

"कोन लिव्हतंय?" मच्छिंद्ररावांनी विचारलं.

"आमची ऑपरेटर. नगरमध्ये बसून लिहितेय, आणि आपण इथून बघतोय."

"दिसलं," बनुबाई म्हणाल्या. "आता हलवून दावा."

सुनीलनं बोट फिरवलं. पडद्यावरचा बाण निघाला, डावीकडून उजवीकडे, मग गोल. पलीकडचं टायपिंग थांबलं. ओसरीवर टाळी पडली.

मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात पदरानं हात पुसत उभ्या होत्या. "पाव्हनं, तिला ठावं हाय का, तुमी हाय म्हनून?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे, आई."

"मंग भ्याली असंल की ती पोरगी."

"सांगतो ना नंतर फोन करून," सुनील म्हणाला, आणि त्यानं राजूर पुसून टाकलं.

"लिव्हा कायतरी," मच्छिंद्रराव रंगात आले. "जावई आलेत म्हनावं!"

सुनीलनं इंग्रजी अक्षरांत टाकलं: मी आलोय. पुन्हा एकदा: मी आलोय. आणि तेवढ्यात पारनेरच्या लाईनीनं जे करायचं तेच केलं, ती गेली. पडदा निळा झाला. फोनही मेला. फोन करून सांगायचं होतं, ते राहिलं. मग चहा झाला, आहेर झाला, आणि जे राहिलं ते विसरलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारातच कडूबाई भेटल्या. त्या झाडलोट करत आणि चहा देत.

"साहेब, तुमी काल नव्हता ते बरं झालं," त्या आवाज खाली करून म्हणाल्या. "काँप्युटरमदी कायतरी शिरलंय. आपुआप चालला. आन् त्यानं लिव्हलं, मी आलोय. दोनदा."

सुनीलच्या ओठांवर हसू आलं होतं. 'अहो, तो मी होतो' हे शब्द जिभेवर तयार होते. पण तेवढ्यात त्याची नजर कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. यंत्रावर लिंबू होतं, त्याला मिरच्या ओवलेल्या, खाली बिबा. कारभारी बोठे उदबत्ती फिरवत होते. आणि वृषालीची खुर्ची रिकामी होती.

"वृषाली कुठंय?"

"पॅकिंगला टाकली शेठनी." कडूबाईंनी आणखी आवाज उतरवला. "तिच्या हातनंच झालं नव्हं का ते. मशीनवर तीच हुती. आन् खंडेनवमीला तिनं कुकू लावलं नव्हतं. ध्यानात हाय ना?"

बघता बघता सगळा हिशेब जुळवून झाला होता. कुणाला आठवलं की ती कधी देवळीपुढं थांबत नाही. कुणाला आठवलं की मागं एकदा तिनं हात लावल्यावर पंखा बंद पडला होता. कोणीतरी म्हणालं, "त्यांच्यातल्या बाया जानत्यात असलं," आणि ते कोण म्हणालं हे नंतर कोणालाच सांगता येईना. भानामती हा शब्द दुपारपर्यंत पॅकिंगच्या शेडमध्ये पोचला आणि संध्याकाळच्या शिफ्टला शेजारच्या कारखान्यात.

सुनील केबिनमध्ये गेला. खरं सांगायलाच गेला होता, एवढं त्याच्या बाजूनं मांडायला हवं. पण आत पाय टाकताच शेठनी विचारलं, "काय म्हणतोय सुप्याचा डीलर?"

"बरंय," सुनील म्हणाला.

झालं. एका खोट्याच्या पोटात दुसरं खोटं जाऊन बसलं आणि दार लागलं. आता खरं सांगायचं तर सुपाही सांगावं लागणार, पारनेरही, अनारसेही. दिवाळीपर्यंत मॅनेजर करतो, असं शेठ मागंच बोलले होते. सुनीलनं मनातल्या मनात जमेला आणि खर्चाला काय काय पडतं ते पाहिलं. खर्चाच्या बाजूला त्याचं स्वतःचंच सगळं होतं. वृषालीचं काय जाणार, ते त्यानं मांडलंच नाही. असले हिशेब माणूस फार झटपट करतो आणि कधी तपासायला देत नाही.

"मी काय असलं मानत नाय, सुनील," शेठ म्हणाले. "पण एवढी माणसं काम करतात. त्यांनी मानलं की मला मानावं लागतं. पोरगी हुशार हाय, पण आता तिला खुर्चीवर बसवली तर निम्मी माणसं उद्या येणार नायत. हा महिना पॅकिंगला राहू दे. मग बघू."

त्या 'बघू'चा अर्थ गेटवरच्या वॉचमनलाही कळत होता.

सुनीलनं एक मधला मार्ग काढला. मधला मार्ग हा बहुतेक वेळा मार्ग नसतो, अर्ध्यावर उभं राहायची जागा असते. तो कारभारींना म्हणाला, "काका, भानामती वगैरे काही नसतं. विजेत बिघाड असेल. करंट कमीजास्त झाला की असं होतं." त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. लगेच इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं प्लग उघडले, अर्थिंग तपासलं, टेस्टर सगळीकडं लावून पाहिला आणि सांगितलं, "एकदम ओके. वीज शंभर नंबरी हाय."

"बगा," कारभारी म्हणाले. "साहेबांनी इजेचाबी संशय फेडून घेतला. आता काय ऱ्हायलं?"

राहिली वृषाली. सुनीलनं तिला वाचवायला जी फट ठेवली होती, ती त्यानंच आपल्या हातानं बुजवली होती.

त्या आठवड्यात चहाच्या ट्रेमध्ये एक बदल झाला. एका कपाच्या कानाला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका आला. तो कप इतर कपांबरोबर धुतला जाईना. पॅकिंगच्या शेडच्या खिडकीत पालथा राहू लागला. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, ठिपका बोलत होता. साल एकोणीसशे नव्व्याण्णव होतं. यंत्र नव्या शतकासाठी तयार आहे का, याची सगळीकडं मोठी काळजी चालली होती.

एके दिवशी दुपारी वृषाली सुनीलच्या टेबलापाशी आली. नळ्यांची बंडलं बांधून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचार ना."

"मी काही केलं नव्हतं. मशीन खरंच आपोआप चाललं. मी खोटं बोलले असते, माझ्याकडून चुकून झालं म्हणाले असते, तर एवढं वाढलं नसतं. तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला तरी वाटतं का, मी काही केलं असेल?"

"छे, छे," सुनील म्हणाला, आणि वर पंख्याकडं बघू लागला.

वृषाली म्हणाली, "आमच्या आज्यानं छप्पन साली घरातले देव काढले, आणि त्यांच्याबरोबर भुतंही. आमच्या घरात असल्या गोष्टी लहान पोरं खेळातसुद्धा बोलत नाहीत. आणि आता लोक तेच भूत माझ्या पदरात बांधून देतात. वडील विचारतात, खुर्ची का काढून घेतली? काय सांगू त्यांना? दुसरीकडं अर्ज द्यावा म्हटलं, तर तिथला माणूस विचारतो, ती तुम्हीच का?"

"होईल ठीक," सुनील पंख्याला म्हणाला.

पंखा नीट चालला होता. त्याच्याकडं एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून सुनीलला चहा गोड लागेना. लॅपटॉपची पिशवी त्यानं कपाटाच्या वर टाकली. घरात विनाकारण चिडचिड सुरू झाली. अश्विनीला सगळं माहीत होतं; तिनंच सांगितलं होतं, "गप्प बसा. महिना-दोन महिन्यांनी लोक विसरतात. मॅनेजर झालात की तिला परत घ्या." ऐकायला ते किती सोयीचं होतं! वाईट सल्ले बहुतेक सोयीचेच असतात.

अधिक संपायच्या आत मालनबाई नगरला आल्या. डोळे दाखवायचे होते, आणि लेकीला साडी द्यायची होती. संध्याकाळी जेवताना त्यांनी जावयाच्या ताटाकडं पाहिलं. भाकरीचे तुकडे तसेच होते.

"पारनेरात धा अनारसं खाल्लंत, आन् हितं अर्दी भाकर खपंना? तब्येत बरी हाय ना?"

"ऑफिसचं टेन्शन आहे," अश्विनीनं उत्तर दिलं.

"टेन्शन म्हंजे?"

सुनील उठायला लागला. मालनबाई म्हणाल्या, "बसा. भरल्या ताटावरनं उठू नगा." आणि लेकीकडं वळल्या. "तू सांग."

अश्विनीनं आधी चार वाक्यांत उरकायचं ठरवलं होतं, पण आई मधे मधे विचारत गेली. कुठली पोरगी? तीच का, जिचं लिव्हनं थांबलं हुतं? मंग फोन नव्हता केला? मंग दुसऱ्या दिवशी तरी सांगितलं असंल? शेवटच्या प्रश्नाला अश्विनीनं नाही म्हणून मान हलवली.

मालनबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"पाव्हनं, जावयाला बोलू न्हाई. आन् अधिकात तर न्हाईच. पर बोलल्याबिगर मला झोप न्हाई यायची. तुमी बटन आमच्या वसरीवर दाबलं, आन् कळ नगरात उठली. जवळून मारलं तर लागतं, आन् लांबून मारलं तर लागत न्हाई, असं हाय व्हय?"

"आई, मी मुद्दाम नाही केलं."

"गंमत मुद्दामच केली. इजा मुद्दाम न्हाई केली, ते मला पटतं. पर दुसऱ्या दिवशी गप बसलात, ते तर मुद्दाम ना?"



"लोकं अडाणी आहेत, त्याला मी काय करू?" सुनील म्हणाला. "मी भानामती म्हणालो का? मी तर वीज म्हणालो."

"लोकं अडाणी. तुमी शाने. मंग शान्यानं अडान्याच्या हातात काय दिलं? खरं दिलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? हसलं असतं, तुमाला चार शिव्या दिल्या असत्या. तुमी खरं खिशात ठिवलं, म्हनून त्यांनी त्यांच्याकडं हुतं ते बाहेर काढलं. आन् एक सांगा. इजवाल्यावर आळ का न्हाई आला? शेठवर का न्हाई? कुकू लावलं त्या कारभाऱ्यावर का न्हाई? आळ नेमका त्याच पोरीवर का जाऊन बसला? कारन तिथं बसायची त्याला सवय हाय. कवाची हाय. तुमी फकस्त त्याला वाट करून दिली."

"आई, यांचं प्रमोशन..." अश्विनी म्हणाली.

"गप गं तू. तुजा नवरा मॅनेजर हुईल न्हाईतर न्हाई हुनार. ती पोरगी मातर जाईल तिथं भानामतीवाली म्हनून जाईल." मग त्या जावयाकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशी मी तुमचं पाय धुतलं. ते पानी डोळ्याला लावलं. देव म्हनून लावलं. आता लावल्यालं पानी तर मला परत काढता येत न्हाई. तुमीच कायतरी असं करा, की मला लावल्याचं वाईट वाटू नये."

त्या उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. सुनील उष्ट्या ताटासमोर बराच वेळ बसून राहिला. त्याला पारनेरची ओसरी आठवत होती. पडद्यावरचं टायपिंग थांबलं होतं तो क्षण आठवत होता. तिथं टाळी पडत होती, आणि त्याच घडीला इकडं एक मुलगी कीबोर्डवरचे हात वर उचलून एकटी बसली असेल. बाण दिसत होता, ती दिसत नव्हती. न दिसणाऱ्या माणसाशी वागणं किती सोपं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनील कपाटावरची पिशवी घेऊन कारखान्यात आला आणि शेठना म्हणाला, "सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलवा. पॅकिंगवाल्यांनाही. तुम्ही इथंच माझ्याजवळ बसा."

"कशाला?"

"भानामती दाखवतो."

चपलांचा ढीग पडला. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सुनीलनं कारभारी बोठेंनाच खुर्चीत बसवलं. "काका, हात मांडीवर ठेवा. कशालाही शिवू नका." कारभारींनी मांडीवर हात ठेवले, पण उजव्या मुठीत लिंबू घेतलं. वृषाली दारातच थांबली, उंबऱ्याच्या बाहेर.

सुनील केबिनमध्ये गेला आणि शेठच्या टेबलावरच्या फोनची वायर लॅपटॉपला जोडली. शेठ आधी वैतागून बघत होते, मग पुढं झुकून बघू लागले.

तिकडं पडद्यावरचा बाण हलला. कोणीतरी "आई गं" म्हणालं. कडूबाईंनी पदर तोंडात धरला. बाण फिरला, थांबला, आणि अक्षरं उमटू लागली. पुढं उभ्या असलेल्या एका कामगारानं ती जोडून जोडून वाचली: "कारभारी काका, लिंबू खाली ठेवा."

लिंबू आपणच पडलं आणि गडगडत टेबलाखाली मोडेमच्या डबीला जाऊन टेकलं.

पुन्हा अक्षरं आली: "मी आलोय. सुनील वाबळे."

तो केबिनमधून चालत आला, मागोमाग शेठ. हातातल्या लॅपटॉपला तुटलेल्या शेपटीसारखी वायर लोंबत होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्या बुधवारीही मीच होतो," तो म्हणाला. "पारनेरहून. मी सुप्याला गेलोच नव्हतो, शेठ. सासुरवाडीला धोंडे खात होतो, आणि लोकांपुढं मिरवायला मी तिथून हे मशीन चालवलं. तिनं काहीच केलं नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कळलं, आणि मी गप्प बसलो. विजेचा बिघाड म्हणालो, तेही खोटं."



"गंमत केली हे माझ्या नावावर मांडा," सुनील पुढं म्हणाला. "गप्प बसलो, तेही माझ्याच नावावर. पण मी बाण हलवला होता, माणूस नाही. मशीन आपोआप चाललं, तर मशीनला काय झालं हे कोणी का नाही विचारलं? ही कोणातली, हे का आठवलं? त्याचं उत्तर आपापल्या मनात शोधा. मी माझ्यात शोधलं. मलाही ते सोयीचं पडलं होतं, म्हणून मी गप्प होतो."

कारभारींनी घसा खाकरला. "असंल बाबा तसं. पर लिंबू ऱ्हाऊ द्या म्हनतो मी. असलं तर बिगडतंय काय?"

"बिघडलं ना, काका," दारातून वृषाली म्हणाली. "माझं बिघडलं."

कारभारी वाकले, टेबलाखालचं लिंबू उचललं, आणि ते कुठं ठेवावं हे न समजून खिशात घातलं.

मग ती सुनीलकडं वळली. रडली नाही, ओरडली नाही. "साहेब, तुम्हाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मी तुम्हाला विचारायला आले होते, तेव्हाही?"

"हो."

"तेव्हा तुम्ही पंख्याकडं बघत होतात."

 शेठनी चारचौघांत जे सुनावलं ते सुनीलनं ऐकून घेतलं. लॅपटॉप शेठच्या कपाटात गेला आणि मॅनेजरची खुर्ची त्याच्या पुढून सरकली. ते सगळं त्याला त्या एका वाक्यापुढं हलकं वाटलं.

वृषाली आत आली, खुर्ची पुसून बसली, मशीन पुन्हा चालू केलं. त्या बुधवारी पुसलं गेलेलं राजूर तसंच राहिलं होतं. ते नाव तिनं पुन्हा टाकलं. तेवढ्यात कडूबाई ट्रे घेऊन आल्या. सवयीनं त्यांनी ठिपक्याचा कपही आणला होता, आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"मला लावायला सांगितला, म्हनून लावला गं," त्या पुटपुटल्या.

वृषालीनं तो रिकामा कप उचलला आणि सुनीलपुढं धरला.

"साहेब, हा पुसून द्या. तुम्हीच."

सुनीलनं रुमालानं घासलं. ठिपका निघेना. मग स्कूटरची किल्ली काढून, सगळ्यांच्या देखत, तिथंच उभा राहून तो खरवडू लागला. गुलाबी टवके निघाले, पण कपाच्या कानावर एक ओरखडा राहिला. त्यानं ट्रेमधला एक कोरा कप भरून वृषालीला दिला. ओरखड्याचा कप त्यानं आपल्याकडं ठेवून घेतला आणि पुढं रोज त्यातच चहा घेतला. कोणी विचारलं, तर काय ते खरं सांगे.

वृषालीनं त्याला माफ केलं की नाही, हे तिनं सांगितलं नाही. सांगायला ती बांधील नव्हती.

श्रीमंतशेठ म्हणतात की, पुढं असली यंत्रं खिशात मावतील आणि ज्याला त्याला बसल्या जागेवरून गावोगावची बटणं दाबता येतील. येऊ देत. आपला हात पारनेरहून नगरपर्यंत लांबला, उद्या आणखी लांबेल. पण बंधुभगिनींनो, हात जेवढा लांबला तेवढीच आपली जबाबदारीही लांबते. बटण दाबायच्या आधी एवढंच बघावं, की पलीकडं कोणीतरी बसलेलं आहे. आणि यंत्रानं कोड्यात टाकलं, तर यंत्र उघडून बघावं. कोणाची जात उघडू नये. मालनबाईंना हे सगळं ओसरीवरच, एका प्रश्नात विचारता आलं होतं: तिला ठावं हाय का, तुमी हाय म्हनून?